हात आखडतो तेव्हा

कुठल्याही टेनिस क्लबात एक जमात हमखास भेटते. सकाळच्या नॉकिंगमध्ये, म्हणजे गुण न मोजता केलेल्या सरावात, यांचा फोरहँड बघत राहावा असा, आणि स्पर्धेत मात्र हीच माणसं चेंडू कसाबसा नेटपलीकडे ढकलत असतात. मी त्या जमातीतली. माझं दुखणं सेकंड सर्व्हिसचं, म्हणजे पहिली सर्व्हिस चुकल्यावर मिळणाऱ्या दुसऱ्या आणि शेवटच्या संधीचं. रविवारी मार्करसमोर, म्हणजे क्लबात पैसे घेऊन सराव देणाऱ्या खेळाडूसमोर, ती सर्व्हिस छान फिरत जाऊन त्याच्या खांद्यापर्यंत उसळायची. कडेच्या खुर्च्यांवर चार ओळखीची माणसं चहाचे कप घेऊन बसली आणि कुणी ‘थर्टी-फॉर्टी’ (म्हणजे हा पॉइंट गेला की गेम गेला) असं मोठ्यानं म्हटलं, की तीच सर्व्हिस नेटच्या तळाशी जाऊन पडायची. वरच्या पांढऱ्या पट्टीला लागली असती तरी समाधान वाटलं असतं. पण नाही, अगदी तळाशी.

हे कशानं होतं आणि त्यावर काय करता येतं, याच्या मागे मी बरेच महिने लागले. त्यातलं काय लागू पडलं आणि काय वाया गेलं, ते इथे लिहिते आहे.

मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. टेनिसला लागले ती चाळिशीच्या तोंडावर, मुलीला कोचिंगला सोडता सोडता. मुलीनं दहावीत रॅकेट कपाटावर टाकली. मी ती खाली काढली, नवं गटिंग करून, म्हणजे तारा बदलून, घेतलं आणि मार्करचा सकाळचा अर्धा तास लावला. आमची कोर्टं मातीची. पावसाळ्यात बंद, मग नवी माती, पाणी, रोलर, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला खेळायला मोकळी. त्यानंतर लीग. आमच्या लीगमध्ये एका टायला, म्हणजे दोन संघांच्या लढतीला, चार जोड्या, प्रत्येकीचा सहा गेमचा एकच सेट, पाच-पाचला टायब्रेक, म्हणजे निर्णायक जादा गेम, आणि शेवटी चारही सेटमधले गेम एकत्र करून निकाल. पुण्याच्या वर्तमानपत्रांत क्लबांच्या टेनिसचे २४-११ असे स्कोअर छापून येतात, ते या पद्धतीचे. म्हणजे तुम्ही ६-२ हरलात की ६-४ हरलात, यानं संघाला फरक पडतो. हरत असताना अंग काढून घेण्याची सोय नाही. आमच्या चारांत एक जोडी मिक्स्डची असते, त्यात मी आणि काका. काका पासष्टीचे, निवृत्त इंजिनिअर. ड्रॉप शॉट, म्हणजे नेटपलीकडे अलगद सोडलेला चेंडू, असा टाकतात की समोरच्याला आपलं वय आठवावं. ते मला डॉक्टर म्हणतात, मी त्यांना काका. कोर्टवर आमचं बोलणं एवढ्यावरच चालतं.

मिक्स्डमध्ये बाई सर्व्हिस करायला आली की समोरचे गृहस्थ काय करतात ते खेळणाऱ्यांना ठाऊक आहे. पहिली सर्व्हिस बाहेर गेली की ते सावकाश दोन पावलं पुढे येऊन उभे राहतात. नियमात बसतं ते, तक्रार नाही. पण ती दोन पावलं माझ्या मनगटात उतरायची. बोटं ग्रिपवर इतकी घट्ट आवळली जायची की नखांची टोकं पांढरी पडलेली मला दिसायची. टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू, डोक्यावर जायच्याऐवजी पुढे पडायचा, आणि आता टाकलाच आहे तर मारून मोकळं होऊ या घाईत हात अर्ध्यावरच खाली यायचा. डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस वाया आणि पॉइंट समोरच्यांचा. काका म्हणायचे, “होतं असं, डॉक्टर.” काका मनापासून म्हणायचे, तरी ते ‘होतं असं’ डबल फॉल्टपेक्षा जास्त लागायचं.

क्लबात सल्ल्याला तोटा नसतो. एक म्हणाले टॉस बदला. दुसरे म्हणाले ग्रिप बदला. एका काकूंनी सुचवलं की सेकंड सर्व्हिस नुसती हळू टाकायची, बाईमाणसाला कोण काय म्हणतंय. एका स्नेह्यांनी, आणि तेही डॉक्टरच, हळूच विचारलं की प्रोप्रानोलोल घेऊन बघितलीस का? कार्यक्रमाआधी हात थरथरू नये म्हणून काही वादक घेतात, तसं. ती गोळी बीटा ब्लॉकर गटातली, आणि बीटा ब्लॉकरनं थरथर कमी होते हे खरंच. नेमबाजी आणि तिरंदाजीत त्या औषधांवर बंदी आहे ती त्यामुळेच. टेनिसमध्ये बंदी नाही. पण ते औषध हृदयाचे ठोके वर चढू देत नाही, आणि मातीच्या कोर्टवर डोक्यावरून उंच गेलेल्या लॉबमागे धावताना ते चढायलाच हवे असतात. शिवाय रविवारच्या टायसाठी गोळी घ्यायची, हे माझं मलाच कसंसं वाटलं. तो विषय तिथेच मिटला.

मला छळणारा प्रश्न वेगळाच होता. भित्री म्हणून माझी ख्याती नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये पल्स ऑक्सिमीटर सतत टुकटुकत असतो. रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्याचा सूरही उतरतो, त्यामुळे मॉनिटरकडे न बघताही आम्हाला कळतं. रात्री दोन वाजता इमर्जन्सी केसमध्ये तो सूर खाली यायला लागला की माझ्याही पोटात खड्डा पडतो. सर्जन बघतोय, सिस्टर बघतेय, नवीन रेसिडेंट तर डोळे फाडून बघतोय. आणि हात आपापलं काम करत असतात. ऑक्सिजन शंभर टक्के, ट्यूब जागेवर आहे ना, दोन्ही बाजूंना हवा जातेय ना, सर्किट सुटलं नाही ना, कुणाला तरी हाक मारा. सगळं मोठ्यानं बोलत. सूर परत वर आला की मग पाय दुखताहेत हे लक्षात येतं. तिथे एक जीव पणाला लागलेला असतो आणि हात आखडत नाही. इथे एक गेम पणाला, तर आखडतो. हे काय गौडबंगाल?

मला यातून एवढं उमगलं, की थिएटरमध्ये मला घाबरायला रिकामा वेळ नसतो. भीती येते, पण पुढची कृती आधीच ठरलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी, काप घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी, असं तीन वेळा थांबून ठरलेले प्रश्न मोठ्यानं विचारायचे. पेशंटचं नाव काय, कुठली बाजू, ॲलर्जी आहे का. सुरुवातीला आम्हीही नाकं मुरडली होती, की नाव काय विचारता, सकाळपासून ओळखतोय त्याला. पण त्या यादीची खुबी अशी की ती तुमच्या त्या दिवशीच्या मूडवर अवलंबून राहत नाही. टेनिसमध्ये याच्या बरोबर उलटं. चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ थोडा. बाकी सगळं चालणं, चेंडू गोळा करणं आणि उभं राहणं. त्या मोकळ्या वेळात माझं डोकं खुर्च्यांवरच्या माणसांची तोंडं वाचत बसायचं. ही आज पुन्हा करणार, असं त्यांच्या कपाळावर लिहिलेलं मला दिसायचं. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर हजारो माणसं असतात, पण ती अनोळखी. आमच्याकडे बारा जण असतात आणि त्यातल्या तिघांना मी भूल दिलेली असते.

मनाचं बघण्याआधी हाताचं बघणं भाग होतं, आणि ते मार्करनं दाखवून दिलं. आमचा मार्कर पंधराव्या वर्षी बॉलबॉय म्हणून आला, आता पस्तिशीचा आहे. क्लबातल्या प्रत्येकाच्या खेळातलं बिंग त्याला माहीत. एकदा मी सलग सर्व्हिस मारत होते, तो नेटला टेकून बघत होता. म्हणाला, “मॅडम, तुम्ही घाबरलात की जोर कमी करता. जोर कमी करायचा नाही. जोर तेवढाच, पण वर.”

यात सगळं पदार्थविज्ञान आलं. नेट मध्यभागी तीन फूट उंच, सर्व्हिस बॉक्सची रेषा नेटपासून एकवीस फुटांवर. चेंडू नेटच्या बराच वरून न्यायचा आणि तरी त्या एकवीस फुटांत पाडायचा, तर त्याला टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, हवा. टॉपस्पिन येतो रॅकेटचं डोकं खालून वर वेगानं घासलं गेलं तर. मी भीतीनं हात सावकाश करायचे, त्यामुळे फिरकीच मिळायची नाही, आणि फिरकीशिवायचा चेंडू एक तर नेटात जायचा नाही तर सरळ लांब. हळू म्हणजे सुरक्षित, ही आमच्या काकूंची आणि बहुतेक सगळ्या क्लबांची समजूत सेकंड सर्व्हिसपुरती साफ उलटी आहे. त्यात भीतीनं दंडाच्या पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळतात. एक स्नायू हात लांब करू बघतो, दुसरा आखडू बघतो. हात आखडला असं जे आपण म्हणतो ते शरीरात अक्षरशः घडत असतं. मी शिकवलेल्या शरीरशास्त्रातली गोष्ट मला मार्करकडून कळावी, याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं, पण थोडं वाटलं.

बेलारूसची अव्वल खेळाडू आर्यना सबालेंका २०२२ च्या सुरुवातीला ॲडलेडमध्ये डबल फॉल्टवर डबल फॉल्ट करत होती, शेवटी बिचारीनं अंडरआर्म, म्हणजे हात खालून फिरवून, सर्व्हिस केली. ते क्लिप बघून मला बरं वाटलं होतं, हे कबूल. तिनं नंतर त्याच वर्षी बायोमेकॅनिक्सच्या जाणकाराबरोबर सर्व्हिसची हालचालच सुधारून घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. तिचं सगळं मनाचंच दुखणं असेल असं मी धरून चालले होते. क्लबात कुणाचाही हात आखडला की आपण पटकन ‘मेंटल आहे’ म्हणून मोकळे होतो, आणि मग त्या माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. आधी फटका तपासावा, असं माझं आता ठाम मत आहे. अर्धवट शिकलेला फटका दडपणात पहिला सुटतो.

मग सराव बदलला. आधी मी बास्केटभर चेंडू घेऊन सर्व्हिस मारायचे. तो सराव हाताला चांगला, पण त्यात दुसऱ्या चेंडूनंतर तिसरा असतोच, त्यामुळे मनाला काही शिकायला मिळत नाही. मार्करनं बास्केट उचलून नेली. हातात एकच चेंडू. स्कोअर थर्टी-फॉर्टी, आणि ही सेकंड सर्व्हिस. गेली तर पॉइंट खेळायचा, नाही गेली तर गेम त्याचा. मग कोर्टाला एक चक्कर मारून यायचं आणि पुन्हा थर्टी-फॉर्टी. चक्कर दमवण्यासाठी नव्हती, ठोके वाढवण्यासाठी होती, म्हणजे मॅचसारख्या धडधडत्या छातीनं सर्व्हिस करावी लागेल. पुढे त्यानं चहाची पैज लावली. त्यानंतर एक दुष्टपणा केला: पलीकडच्या कोर्टवरचे खेळाडू थांबले की त्यांना हाक मारायचा, “मॅडमची सर्व्हिस बघा जरा!” सुरुवातीला मी इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही. पण औषध लागू पडत होतं. लोकांसमोर डबल फॉल्ट करून करून त्याचं नावीन्य संपलं. माणसं बघायची, पुन्हा आपल्या खेळाला लागायची. कुणाला फारशी पडलेलीच नव्हती.

दोन पॉइंटच्या मधल्या वेळाचं काय करायचं हे मात्र मी बघून बघून शिकले. त्या बघण्याची सुरुवात बालेवाडीत झाली होती. तिथे महाराष्ट्र ओपन व्हायची तेव्हा, २०१९ च्या जानेवारीत, केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांची फायनल मी प्रत्यक्ष पाहिली. तिन्ही सेट टायब्रेकला गेले, शेवटचा टायब्रेक अँडरसननं ७-५ असा काढला. कार्लोविच चाळिशीला आलेला, सात फुटांच्या आसपास उंच, सर्व्हिस म्हणजे तोफ. त्या दिवशी मी सर्व्हिसचे वेग बघत बसले होते. पुढे माझं हे सगळं सुरू झाल्यावर यूट्यूबवर जुन्या मॅच काढून फक्त मधला वेळ बघायला लागले. घरच्यांना वाटलं, हिचं काहीतरी बिघडलंय. पॉइंट सुरू झाला की ही पुढे सरकवते. चांगल्या खेळाडूंचं चालणं एकाच ठशाचं असतं. पॉइंट संपला की नेटकडे पाठ. रॅकेट दुसऱ्या हातात. नजर तारांवर, किंवा टॉवेलवर, किंवा चेंडूवर, पण प्रेक्षकांत जवळजवळ कधीच नाही. मग रेषेशी येऊन थांबणं, आणि मग चेंडूचे ठरलेले टप्पे. जिम लोअर या अमेरिकी क्रीडा मानसशास्त्रज्ञानं हेच चित्रीकरणावरून अभ्यासलं आणि त्याचे चार भाग पाडले: झालेल्या पॉइंटला प्रतिसाद, सैल होणं, पुढच्याची तयारी, आणि शेवटी ठरलेली सवय. नदालच्या नीट मांडून ठेवलेल्या बाटल्या आणि जोकोविचचे न संपणारे टप्पे यांवर आपण विनोद करतो, पण ते याच चौथ्या खणातले.

नियमानुसार दोन पॉइंटच्या मधे २५ सेकंद मिळतात आणि बाजू बदलताना ९०. क्लबात कुणी घड्याळ लावत नाही, तरी आम्ही भारतीय क्लब-खेळाडू २५ सेकंद कधी वापरतच नाही. हरत असलो तर आठ सेकंदांत पुढची सर्व्हिस मारतो, जणू गॅसवर दूध आहे.

मी माझी यादी केली ती थिएटरच्या धर्तीवर. पॉइंट संपला की पाठ फिरवायची आणि रॅकेट डाव्या हातात घ्यायची, म्हणजे उजवी बोटं उघडतात. मागच्या जाळीकडे चालत जाताना श्वास सोडायचा, आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ सोडायचा. यात अध्यात्म काही नाही. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हे आम्ही मॉनिटरवर रोज बघतो. वळताना एकच निर्णय: सर्व्हिस कुठे, मधल्या रेषेकडे, समोरच्याच्या अंगावर की बॉक्सच्या बाहेरच्या कडेला. एकदा ठरलं की बदलायचं नाही, मग समोरचे गृहस्थ दोन पावलं येवोत की चार. खरी पंचाईत पहिली सर्व्हिस चुकल्यावर होते, कारण तेव्हा २५ सेकंद मिळत नाहीत, दुसरी लगेच मारायची असते. तिथे यादी दोनच कलमांची: एक लांब उच्छ्वास, आणि मनात मार्करचा शब्द, ‘वर’. मनगट कसं, कोपर कुठे, हे त्या क्षणी आठवायचं नाही. मुरलेल्या हालचालीकडे तपशिलात लक्ष दिलं की ती बिघडते. जिना उतरताना कुठला पाय आधी टाकतोय याचा विचार करून बघा.

पहिल्या काही टायमध्ये ही यादी मी विसरायचेच. आठवायची ती गेम गेल्यावर. म्हणून रॅकेटच्या गळ्याशी, आतल्या बाजूला, पांढऱ्या टेपवर ‘पाठ’ असं लिहून चिकटवलं. तारा बघायला मान खाली घातली की तो शब्द दिसायचा. प्रतिस्पर्ध्यांपैकी एका बाईंनी विचारलं, “पाठ दुखतेय का हो?” मी हो म्हटलं.

डबल्समध्ये स्वतःच्या मनाशिवाय पार्टनरचंही सांभाळावं लागतं, आणि यावर पुस्तकांत फारसं मिळालं नाही मला. माझी सगळ्यात वाईट खोड म्हणजे ‘सॉरी’. डबल फॉल्ट, सॉरी. व्हॉली (टप्पा पडू न देता मारलेला फटका) नेटात, सॉरी. चेंडू काकांचा होता, त्यांनी सोडला, तरी सॉरी मीच. एकदा चहा पिताना काका म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही सॉरी म्हणता तेव्हा मला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. त्यात माझा पुढचा पॉइंट जातो.” हे मला कधीच सुचलं नव्हतं. मला वाटायचं सॉरी म्हणजे सभ्यपणा. प्रत्यक्षात मी दर चुकीनंतर त्यांच्याकडून दिलासा मागून घेत होते. मग ठरलं. सॉरी बंद, ‘होतं असं’ही बंद. चुकीनंतर रॅकेटला रॅकेट टेकवायची आणि फक्त पुढच्या पॉइंटचं बोलायचं. “कुठे टाकताय?” “अंगावर.” “मग मी पोच करतो.” म्हणजे नेटवरून आडवे सरकून समोरून आलेला चेंडू मधेच ते मारणार. झालं. या तीन वाक्यांनी जेवढा फरक पडला तेवढा श्वासानंही पडला नसेल.

लाइन कॉलचं, म्हणजे चेंडू आत की बाहेर या निर्णयाचं, एक प्रकरण सांगायलाच हवं. आमच्या लीगला अंपायर नसतो. आपापल्या बाजूचे कॉल आपण द्यायचे, शंका असेल तर चेंडू आत धरायचा, आणि मातीवर खूण दाखवायची सोय असते. एका टायमध्ये माझा फोरहँड बाहेर म्हणून पुकारला गेला. मी खूण दाखवा म्हटलं, तर जी दाखवली ती आधीच्या पॉइंटची होती, हे मला आजही पटलेलं आहे. पॉइंट गेला. तो एक पॉइंट माझ्या डोक्यात पुढचे तीन गेम खेळला जात होता. मी सर्व्हिस करतेय आणि आत भांडण चालू आहे, त्यात मी फार छान छान वाक्यं टाकतेय. आता मी नियम केला आहे: खूण बघायची, नाही पटली तर एकदा तोंडानं ‘मला आत वाटला’ म्हणायचं, स्कोअर स्वतः मोठ्यानं उच्चारायचा, आणि पाठ. स्कोअर आपल्या तोंडानं म्हटला की प्रकरण बंद झाल्यासारखं वाटतं. आणि माझ्या बाजूला शंका आली की मी चेंडू आतच देते. उदारपणा म्हणून नाही. जो कॉल मी ताणून घेतला तो नंतर मलाच छळतो, हे अनुभवानं कळलंय.

काकांकडे गोष्टींचा साठा आहे. याना नोवोत्ना १९९३ च्या विम्बल्डन फायनलमध्ये स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ पुढे होती, ४०-३०, म्हणजे ५-१ ला एक पॉइंट कमी. तिथे डबल फॉल्ट झाला आणि तो सेट ग्राफनं ६-४ काढला. नोवोत्ना बक्षीस समारंभात ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. काका ही गोष्ट दर मोसमात एकदा सांगतात, आणि प्रत्येक वेळी शेवट १९९८ वर आणतात, त्या वर्षी ती तेच विम्बल्डन जिंकली म्हणून. मला मात्र धीर आला तो फेडररच्या आकड्यानं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्यानं सांगितलं की कारकिर्दीतल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्यानं जिंकले, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे फेडररसुद्धा शंभरातले सेहेचाळीस पॉइंट हरत होता. मी बावन्न हरले म्हणून कोर्टावर तेरावं घालायचं काही कारण नाही.

आता गेल्या मोसमातली ती टाय. आमचा सेट शेवटचा होता आणि संघ १४-१६ मागे. म्हणजे आम्ही ६-४ जिंकलो तर बरोबरी, त्याहून चांगलं जिंकलो तर टाय आमची. चार-चार झालं आणि सर्व्हिस माझ्याकडे आली. थर्टी-फॉर्टी. खुर्च्या भरलेल्या. पहिली सर्व्हिस नेटात. समोरचे गृहस्थ दोन पावलं पुढे. मी श्वास सोडला, ‘वर’ म्हटलं, आणि हात पूर्ण सोडला. चेंडू नेटवरून हातभर उंच गेला, फिरला, आणि रेषेच्या दोन बोटं बाहेर पडला. डबल फॉल्ट. गेम गेला, ४-५.

बाजू बदलताना काका केळं सोलत म्हणाले, “लांब गेली. छान गेली.” आमच्या ठरावाचा भंग होता, पण मला हसू फुटलं. खरंच छान गेली होती. एरवी ती तळाशी जाते.

पुढचा गेम आम्ही त्यांच्या सर्व्हिसवर काढला, त्यात काकांचे दोन ड्रॉप शॉट होते. टायब्रेकमध्ये मला दोनदा सेकंड सर्व्हिस करावी लागली, दोन्ही आत. त्यातली एक इतकी उसळली की पुढे आलेल्या गृहस्थांना खांद्यावरून कसाबसा लॉब उचलावा लागला, आणि तो काकांनी संपवला. सेट ६-५ आमचा. टाय मात्र २०-२१ अशी गेली. ज्या एका गेमनं गेली तो माझ्या सर्व्हिसचा, हे क्लबातल्या हिशोबनीसांनी त्याच संध्याकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं. मी म्हटलं, “बरोबर आहे,” आणि दुसरा कप मागवला. वर्षभरापूर्वी मी टेबलापर्यंत आलेच नसते, पार्किंगमधूनच घरी गेले असते.

सेकंड सर्व्हिस आता बरी चालते. डबल फॉल्ट होतात, पण लांब जाऊन होतात. भीती मात्र क्लब सोडून गेलेली नाही. तिनं मुक्काम हलवून बॅकहँड व्हॉलीत केला आहे. नेटवर उभी असताना कुणी जोरात बॅकहँडला मारलं की मनगट पुन्हा लाकूड. मार्करनं बघितलं, काही बोलला नाही, आणि सोमवारपासून बास्केट नेटजवळ आणून ठेवली आहे. अर्ध्या तासाचे पैसे तेवढेच घेतो, चहा वेगळा.